मनिलाच्या मिशनरी प्रशिक्षण केंद्रातील पहिले दिवस : एका तरुणाच्या प्रश्नांना उत्तर

पिंपरीच्या एका एकोणीस वर्षांच्या तरुणाला चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सतर्फे फिलिपिन्समधील एका टागालोगभाषक मिशनमध्ये दोन वर्षे सेवा करण्याचे नियुक्तिपत्र आले आहे. त्याआधी काही आठवडे त्याला मनिला येथील मिशनरी प्रशिक्षण केंद्रात राहायचे आहे. घरात तो एकटाच या चर्चचा सभासद असून आजवर विमानात बसलेला नाही. पहिल्या आठवड्यात नेमके काय घडते, इतक्या थोड्या दिवसांत नवी भाषा कशी जमते, मन रमले नाही तर काय करायचे आणि आईला काय सांगायचे, असे त्याचे चार प्रश्न आहेत. मी स्वतः याच केंद्रात शिकून मिशन पूर्ण केले आणि आता मुंबई-पुण्याकडून निघणाऱ्या मुलामुलींची पूर्वतयारी करून घेतो, त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे. माझ्या मते पहिल्या दिवसांत दोनच गोष्टी खऱ्या अर्थाने जड जातात : चोवीस तास दुसऱ्या माणसाच्या सोबतीने राहणे, आणि उत्तर जिभेवर तयार असताना गप्प बसून समोरच्याचे ऐकणे. भाषा, धर्मशिक्षण आणि जेवण या गोष्टी त्यामानाने लवकर अंगवळणी पडतात.

प्रशिक्षण मनिलात उतरल्यावर सुरू होते, असा बहुतेकांचा समज असतो. तसे ते आता राहिलेले नाही. २०२० मध्ये करोनामुळे सगळी केंद्रे बंद ठेवावी लागली तेव्हा शिक्षण ऑनलाइन झाले, आणि केंद्रे पुन्हा उघडल्यावरही पहिला टप्पा घरूनच पूर्ण करण्याची पद्धत कायम राहिली. त्यामुळे तुमचा पहिला वर्ग पिंपरीच्या घरातच भरेल. त्याआधी मिशन अध्यक्ष किंवा स्टेकचे, म्हणजे अनेक स्थानिक मंडळ्यांच्या समूहाचे, अध्यक्ष तुमच्या डोक्यावर हात ठेवून तुम्हाला या सेवेसाठी रीतसर नियुक्त करतील, आणि त्या घटकेपासून मिशनरीचे नियम तुम्हाला लागू होतील. हा आठवडा मुलांना अवघड जातो, कारण बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू असतो, भाऊ क्रिकेट बघत असतो, मित्र खालून हाका मारत असतात आणि तुम्ही मात्र टाय लावून लॅपटॉपसमोर बसलेले असता. घरात जागा कमी असेल तर शाखेच्या, म्हणजे तुमच्या स्थानिक मंडळीच्या, अध्यक्षांना विचारून सभागृहातील एखादी खोली मागून घ्या, किंवा वर्गाच्या वेळा कागदावर लिहून त्या घरात दिसतील अशा लावा. आईच्या मनातील निम्मे प्रश्न तिला हा वर्ग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर सुटतात, असे मी अनेक घरांत पाहिले आहे. तेव्हा दार लावून घेण्याऐवजी तिला मागे बसू द्या.

मनिलाच्या विमानतळावर केंद्राची माणसे घ्यायला येतात. केंद्र मनिला महानगरातील केझोन सिटी येथे, चर्चच्या मंदिराजवळ आहे. पहिला दिवस कागदपत्रे, सामान, खोली, वेळापत्रक आणि ओळखी यांतच जातो, आणि प्रवासाने थकलेल्या डोक्याला त्यातले फारसे काही आठवत नाही. नावाची काळी पट्टी मिळते. तिच्यावर तुमच्या आडनावाआधी ‘एल्डर’ लिहिलेले असते, मुलींच्या पट्टीवर ‘सिस्टर’. इथून पुढे दोन वर्षे तुमचे पाळण्यातले नाव कोणी घेणार नाही. हे वाचताना किरकोळ वाटते, पण आडनावाने हाक मारली की मागे वळून पाहण्याची सवय लागायला काही दिवस जातात, आणि परदेशी माणसांच्या तोंडी आपल्या आडनावाचे जे काही होते ते हसून घ्यावे लागते.

त्याच दिवशी तुम्हाला तुमचा साथीदार भेटतो. चर्चच्या भाषेत त्याला कम्पॅनियन म्हणतात. येशूने शिष्यांना दोघादोघांनी पाठवले, या बायबलमधील आधारावर ही पद्धत उभी आहे. साथीदार तुम्ही निवडत नाही. तो मंगोलियाचा असेल, सामोआचा असेल, फिलिपिन्सच्याच एखाद्या बेटावरचा असेल. नियम असा की, दोघांनी नेहमी एकमेकांच्या नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात राहायचे. वर्गात, जेवणाला, व्यायामाला, कपडे धुताना, मैदानात फेरी मारतानाही तो बरोबर असतो. न्हाणीघर सोडले तर एकांत म्हणून काही उरत नाही. चाळीत किंवा वन रूम किचनमध्ये वाढलेल्या आपल्या मुलांना याचे काय वाटणार, असे पालक मला म्हणतात. घरात गर्दी असली तरी भावाशी बिनसल्यावर चप्पल घालून नाक्यावर जाता येते, ती मोकळीक इथे नसते, हे त्यांच्या लक्षात येत नाही. साथीदार घोरत असेल, त्याचा गजर तीनदा वाजत असेल, प्रार्थना फार लांब करत असेल, तरी दुसऱ्या दिवशी त्याच्याच शेजारी बसून एकत्र पाठ शिकवायचा असतो.

यावर उपाय म्हणून आठवड्यातून एकदा दोघांनी समोरासमोर बसून मनातले बोलायचे अशी रीत घालून दिलेली आहे, आणि ती केवळ उपचार म्हणून उरकू नका. आपल्याकडे तक्रार थेट त्या माणसाला न सांगता तिसऱ्याकडे करण्याची सवय असते. किंवा ‘जाऊ दे, कशाला’ म्हणून गिळून टाकण्याची. दोन्ही सवयी इथे घातक ठरतात. पहिल्या बैठकीत तक्रारीआधी माहिती द्या : मला सकाळी उठल्यावर अर्धा तास बोलायला आवडत नाही, मला राग आला की मी गप्प होतो, माझ्या ताटातले न विचारता घेतलेले मला खपत नाही. मग त्याला त्याच्या अशाच गोष्टी विचारा. ज्या जोड्या हे पहिल्या दोन दिवसांत करतात त्यांचे पुढचे आठवडे बरे जातात. ज्या करत नाहीत त्या दुसऱ्या आठवड्यात केंद्रातील शाखाध्यक्षांच्या दारात उभ्या असतात. निघण्यापूर्वी याची तालीम करायची असेल तर एखाद्या आठवड्यासाठी मामाकडे किंवा मित्राच्या घरी राहायला जा, आणि त्यांच्या वेळेने उठा, त्यांच्या वेळेने जेवा.

दिवस साडेसहाच्या सुमारास सुरू होतो आणि रात्री साडेदहाच्या सुमारास दिवे मालवले जातात. मधल्या वेळेत वैयक्तिक अभ्यास, साथीदारासह अभ्यास, शिक्षकाचा वर्ग, भाषा, व्यायाम आणि सराव यांची रांग लागलेली असते. सहा-आठ जणांच्या गटाला डिस्ट्रिक्ट म्हणतात, आणि त्यांचा वर्ग ठरलेला असतो. तिथेच सकाळ, तिथेच दुपार, तिथेच संध्याकाळ. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेकांना एकदम रिकामे वाटू लागते : नव्याची नवलाई संपलेली, शिकलेले काहीच येत नाही असे वाटते आणि कॅलेंडरवर आठवडे मोठे दिसतात. त्या दिवशी कोणताही निर्णय घेऊ नका, घरी लांबलचक ईमेलही लिहू नका. पहिला रविवार गेला की वेग बदलतो, हे जुने मिशनरी सांगतात ते खरे आहे.

आता शिकवण्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्याकडची मुले तयारी करतात ती नेमकी उलट्या दिशेने. आपले सगळे शिक्षण पाठांतरावर झालेले असते, त्यामुळे नियुक्तिपत्र आले की मुले धडे घडाघडा म्हणता येतील इतके पाठ करतात. एके काळी ते योग्यही होते. या चर्चमध्ये १९६१ साली सर्व मिशनऱ्यांसाठी सहा पाठांची एकच पद्धत ठरवण्यात आली, आणि ते पाठ शब्दशः पाठ करून म्हणावे लागत. त्याच वर्षी अमेरिकेतील युटा राज्यात, प्रोव्हो येथील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात मिशनऱ्यांसाठी भाषाशिक्षणाची सोय झाली. मेक्सिको आणि अर्जेंटिनाचे व्हिसा रखडल्यामुळे वाट पाहत बसलेल्या तरुणांचा वेळ सत्कारणी लागावा, हे तिचे तात्कालिक कारण होते. आजच्या जगभरच्या केंद्रांचे मूळ तिथे आहे. पुढे पाठांतराचा आग्रह कमी होत गेला, आणि २००४ साली निघालेल्या व २०२३ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेने शब्दशः पाठांतर सोडून, समोरच्या माणसाची गरज पाहून स्वतःच्या शब्दांत शिकवण्यावर भर दिला.

म्हणून केंद्रात तुम्हाला लवकरच, बहुधा पहिल्या काही दिवसांतच, सरावाच्या पाठाला बसवले जाते. शिक्षक बाहेर जातो आणि एखाद्या वेगळ्याच माणसाची भूमिका घेऊन आत येतो. आमच्या वर्गातील एका जोडीसमोर शिक्षिका अशाच एका गृहिणीच्या भूमिकेत बसल्या होत्या. नवरा दुबईला कामाला आहे, दोन वर्षांत घरी आलेला नाही, असे त्यांनी बोलता बोलता सांगितले. फिलिपिन्समध्ये लाखो घरांची हीच कहाणी असते. कोकणातल्या आणि केरळातल्या घरांनाही ती नवी नाही. जोडीने मान डोलावली आणि चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांना झालेल्या पहिल्या ईश्वरी दर्शनाचा पाठ करून आणलेला भाग सुरू केला. बोलणे शुद्ध होते, वचने बरोबर होती, वेळेत संपलेही. मग शिक्षिका भूमिकेतून बाहेर आल्या आणि त्यांनी एकच विचारले, ‘तिच्या नवऱ्याचे नाव काय?’ कोणालाच सांगता येईना, कारण कोणी विचारलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याच जोडीने सबंध पाठात जेमतेम चार वाक्ये शिकवली आणि उरलेला वेळ त्या बाईंचे ऐकले. शिक्षिकेने तो पाठ आदल्या दिवशीच्यापेक्षा कितीतरी चांगला ठरवला.

याची तयारी पुण्यात बसूनही करता येते. घरातील वडीलधाऱ्या माणसाला, शक्यतो तुमच्या चर्चशी संबंध नसलेल्या, एक प्रश्न विचारा आणि पाच मिनिटे मध्ये न बोलता ऐका. त्यांना सल्ला देऊ नका, स्वतःचा अनुभव जोडू नका, त्यांनी जे सांगितले त्यावर दुसरा प्रश्न विचारा. ऐकायला सोपे वाटते. माझ्या वर्गातील हुशार मुलांना हेच सगळ्यात कठीण जाते, आणि एरवी मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलांना पुष्कळदा चटकन जमते.

भाषेच्या बाबतीत मात्र तुम्ही घाबरू नये. नव्या भाषेसाठी केंद्रातला मुक्काम साधारण तीन ते सहा आठवड्यांचा असतो, अवघड मानलेल्या काही भाषांसाठी त्याहून जास्त; नेमका कालावधी तुमच्या पत्रात दिलेला असेल. वर्गात पहिल्या तासापासूनच शिक्षक शक्य तितके टागालोगमध्ये बोलतात. व्याकरणाआधी प्रार्थना आणि साधी साक्ष, म्हणजे आपली श्रद्धा सांगणारी चार वाक्ये, शिकवतात, कारण त्या दोन गोष्टी लगेच वापरात येतात. दर आठवड्याला रविवारच्या सभेसाठी एक छोटे भाषण तयार ठेवायचे असते आणि कोणाचे नाव पुकारले जाईल हे आधी कळत नाही, त्यामुळे सगळ्यांनाच तयारी करावी लागते.

टागालोगमध्ये क्रियापद बहुधा वाक्याच्या सुरुवातीला येते. मराठीत ते शेवटी येते, म्हणून पहिले काही दिवस जीभ अडखळते. पण काही ठिकाणी मराठी माणसाला आयता फायदा मिळतो. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला जो भेद इंग्रजी बोलणाऱ्यांना समजावून घ्यावा लागतो, तो टागालोगमध्ये ‘कामी’ आणि ‘तायो’ असा तंतोतंत आहे. वडीलधाऱ्यांशी बोलताना ‘पो’ हा आदरार्थी शब्द वाक्यात घालायचा असतो. अनादर होऊ नये म्हणून जपून बोलण्याची सवय आपल्याला घरातूनच असते. शिक्षकाला ‘गुरो’ आणि चेहऱ्याला ‘मुखा’ म्हणतात हे कळल्यावर आपली मुले खूश होतात. लहानांनी वडीलधाऱ्यांचा हात हातात घेऊन कपाळाला लावण्याची ‘मानो’ नावाची पद्धत आहे. वाकून नमस्कार करण्याची सवय असलेल्याला ती परकी वाटत नाही. १८१३ साली मुंबईत उतरलेल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट या अमेरिकन मिशनऱ्यांच्या वाट्याला असे कोणतेही भाषाकेंद्र आले नव्हते; त्यांना मराठी इथे, इथल्याच माणसांकडून शिकावी लागली. त्या मानाने तुमच्या हाताशी शिक्षक, पुस्तके आणि दिवसभर चुका ऐकून घेणारा साथीदार, असे सगळे असणार आहे. चुकण्याची लाज सोडणे एवढेच तुमच्याकडून अपेक्षित आहे.

जेवणाचा प्रश्न मुलांपेक्षा त्यांच्या आयांना जास्त पडतो. भात तिन्ही वेळा असतो, पोळी नसते. व्हिनेगर, सोया सॉस आणि लसूण घालून शिजवलेला अडोबो, चिंचेच्या आंबट पाण्यातला सिनिगांग, शेवयांसारखा पानसित हे पदार्थ वारंवार भेटतात. आंबट खाणाऱ्याला ते आवडतात, तिखटाची मात्र उणीव भासते. शाकाहारी असाल तर हे आधीच कळवा, कारण भाजीतही माशाचा सॉस असू शकतो. चहा तुमच्या चर्चच्या नियमानुसार तुम्ही आधीच सोडला असेल, त्यामुळे त्या बाबतीत तुमचा त्रास वाचला. शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी नीट बंद करून न्या. लोकरीचे कपडे नेऊ नका. पांढरे अर्ध्या बाह्यांचे शर्ट जास्त न्या, कारण हवा दमट असते आणि साधारण जून ते नोव्हेंबर वादळी पावसाचे दिवस असतात. तिकडचे सॉकेट दोन चपट्या पिनांचे असतात, तेव्हा अॅडॅप्टर इथूनच घ्या. इस्त्री, बटण लावणे आणि कपडे धुणे आईकडून शिकून घ्या. हे न येणाऱ्या मुलांची पहिल्या आठवड्यात फार तारांबळ उडते.

आठवड्यातील एक दिवस तयारीचा म्हणून मोकळा असतो. कपडे, पत्रे, घरचा फोन आणि थोडी विश्रांती त्या दिवशी होते. केंद्राजवळचे मंदिर १९८४ मध्ये समर्पित झाले, फिलिपिन्समधील ते पहिलेच. नियमानुसार तिथे जाण्याची संधी मिळते. भारतातून जाणाऱ्या अनेकांसाठी मंदिरातील विधींचा तो पहिलाच अनुभव असतो. त्याविषयी तुमच्या शाखाध्यक्षांशी निघण्यापूर्वी सविस्तर बोलून घ्या, मी इथे त्यात शिरत नाही.

मन रमले नाही तर काय, हा तुमचा तिसरा प्रश्न. घरची आठवण येणे आणि आजारी पडणे यांत फरक आहे. मिशनऱ्यांसाठी ताणाविषयीची एक पुस्तिका आहे. तिच्यात ताणाच्या पायऱ्या हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा रंगांनी दाखवलेल्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर काय करायचे ते लिहिले आहे. रडू येणे, पोटात गोळा येणे, दोन रात्री झोप न लागणे हे पिवळ्यात मोडते आणि बहुतेकांना होते. नियमित झोप, व्यायाम आणि मोकळे बोलणे यांनी ते सरते. पण झोप सलग दिवस उडाली, जेवण जाईना, स्वतःविषयी भलतेसलते विचार येऊ लागले, तर साथीदाराला, केंद्रातील शाखाध्यक्षांना किंवा केंद्राच्या अध्यक्षांच्या पत्नींना त्याच दिवशी सांगा. प्रार्थना वाढवली की बरे वाटेल, असे म्हणून ते लपवू नका. डॉक्टर आणि समुपदेशक यांची सोय त्यासाठीच केलेली असते. पूर्वी औषधे चालू असतील तर अर्जात लिहिली आहेत ना ते पाहा आणि पुरेसा साठा घेऊन जा.

काही जण मुदतीआधी परततात. प्रकृतीच्या कारणाने परतलेल्यांना घरी राहून सेवा-मिशन करण्याचा मार्गही खुला असतो. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने आजार अंगावर काढणारी मुले मी पाहिली आहेत, आणि त्या भीतीला खतपाणी बरेचदा आपल्याच शाखेतील बोलणी घालतात. म्हणून निघण्यापूर्वी घरातील एका माणसाकडून, ताई असो की मामा, स्पष्ट शब्द घ्या की तू कधीही परत आलास तरी दार उघडे आहे. ज्यांच्या पाठीशी असा शब्द असतो ती मुले टिकून राहतात, असे माझे निरीक्षण आहे.

आता आईविषयी. तुम्ही सज्ञान आहात, पण आई या चर्चची सभासद नसताना तिच्यापुढे केवळ ‘मला बोलावणे आले आहे’ एवढेच म्हणणे बरोबर नाही. तिला व्यवहाराच्या गोष्टी साफ सांगा : सेवा चोवीस महिन्यांची आहे, या काळात पगार नाही, उलट दरमहा ठरलेली रक्कम आपल्याला किंवा शाखेच्या मदतीने भरावी लागते, मध्ये सुट्टीवर घरी येता येत नाही, दिवाळीला, कोणाच्या लग्नाला मी नसेन. हे आधी न सांगता विमानतळावर कळले तर ते तिला फसवल्यासारखे होते. केंद्राचा आणि पुढच्या मिशनच्या कार्यालयाचा पत्ता व फोन तिच्याकडे लिहून ठेवा, आणि शाखेतील एखाद्या वयस्क बाईंची तिच्याशी गाठ घालून द्या, म्हणजे तिला मराठीत विचारायला कोणीतरी असेल.

पूर्वी मिशनरी वर्षातून जेमतेम दोनदा घरी फोन करू शकत. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला तयारीच्या दिवशी घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. फिलिपिन्सची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, म्हणजे तुम्ही सकाळी नऊला फोन केलात तर पिंपरीत साडेसहा वाजलेले असतील. आई सकाळच्या पाळीला जात असेल तर ही वेळ चालेल. नसेल तर मनिलात दुपारी साडेतीन, म्हणजे इकडे एकची वेळ धरा. तयारीचा दिवस कोणता हे केंद्रात गेल्यावर कळेल, आणि पुढे प्रत्यक्ष मिशनमध्ये गेल्यावर तो बदलू शकतो. तेव्हा पहिल्याच फोनमध्ये तिला पुढचा दिवस आणि वेळ सांगून ठेवा, आणि बेत बदलला तर आदल्या दिवशी ईमेलने कळवा.